रानात जाताना : तीन पाती आणि एक दगड

मे महिन्यात दिल्लीचा पारा ४४ अंशांवर गेला, की काश्मिरी गेटच्या बसस्थानकावर पाठीवर भल्यामोठ्या पिशव्या घेतलेल्या तरुणांची गर्दी दिसू लागते. कोणी उत्तरकाशीकडे निघालेले असते, कोणी मनालीकडे. परीक्षा आटोपलेल्या असतात, घरात बसवत नाही आणि डोंगर एका रात्रीच्या बसवर असतो.

नोएडात किंवा गुरुग्राममध्ये स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी घराची कल्पना करा. मुलाचे मित्रांबरोबर 'हर की दून'ला जायचे ठरले आहे. स्वेटर, कानटोपी, चिवड्याचे डबे यांची जमवाजमव चालू असताना दारावर एक पार्सल येते. आई ते उघडते आणि दचकते. आत फूटभर लांबीचा काळा चाकू. पाठीवर करवतीसारखे दात, पोकळ मूठ, मुठीच्या टोपणात चिमुकले होकायंत्र. "अरे, रानात चाललायस की लढाईला?" आई विचारते. मुलगा म्हणतो, "आई, रानात वाट चुकली तर जीव वाचवायला लागतो असा चाकू!"

दोघांचेही थोडे थोडे बरोबर आहे. रानात धारदार वस्तू जवळ हवी, यात शंका नाही. पण ती कोणती, किती मोठी आणि ती घेऊन कुठे जाता येते, हे ठाऊक नसले तर तोच चाकू घात करतो.

पडद्यावरचा चाकू

दातेरी पाठीच्या या चाकूचे वेड पसरवले ते १९८२ साली आलेल्या 'फर्स्ट ब्लड' या चित्रपटाने. सिल्व्हेस्टर स्टॅलोनचा रॅम्बो पोकळ मुठीतून सुईदोरा काढून स्वतःची जखम शिवतो, हे दृश्य पाहून जगभरातली मुले भारावली आणि बाजारात स्वस्त नकलांचा पूर आला. चित्रपटातला चाकू नामवंत कारागिराने घडवलेला होता. नकला तशा नसतात.

चाकूचे बळ असते ते मुठीच्या आत. चांगल्या चाकूचे पाते मुठीपाशी संपत नाही; तेच पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेले असते आणि त्यावर दोन्ही बाजूंनी लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या फळ्या बसवलेल्या असतात. घरातला जुना, जाड सुरा पाहा. मुठीच्या कडेने पोलादाची पट्टी दिसेल. मूठ पोकळ ठेवायची, तर हे पोलाद आखूड कापावे लागते. मग चाकू तोलला जातो तो एखाद्या स्क्रूवर किंवा डागावर, आणि जोर लावला की नेमका तिथेच तुटतो. पाठीवरचे दातही शोभेचेच. त्यांनी धड लाकूड कापले जात नाही, आणि चाकूच्या पाठीवर अंगठा टेकून बारीक काम करावे म्हटले, तर अंगठाच सोलवटतो.

पाच हजार वर्षांपूर्वीचा संच

रानात खरोखर जगणारा माणूस काय बाळगत असे, याचा पुरावा १९ सप्टेंबर १९९१ रोजी सापडला. ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सीमेवर, आल्प्स पर्वतात सुमारे ३,२१० मीटर उंचीवर, वितळत्या बर्फातून एका माणसाचे शव वर आले. आरंभी कोणा गिर्यारोहकाचे असावे असे वाटले. तपासणीत ते सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचे ठरले. त्याला पुढे 'ओत्झी' हे नाव पडले.

ओत्झीजवळचे सामान बर्फाने जसेच्या तसे जपून ठेवले होते. तांब्याच्या पात्याची कुऱ्हाड. लाकडी मुठीत बसवलेला गारगोटीचा छोटा सुरा. मुठीसकट त्याची लांबी होती जेमतेम १३ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या भाजीच्या सुरीपेक्षाही लहान. त्याला झाडाच्या सालीच्या धाग्यांचे विणलेले म्यानही होते. कमरेच्या थैलीत आणखी काही बारीक गारगोट्या होत्या. आणि जाड पेन्सिलीसारखी दिसणारी एक कांडी होती. तिच्या टोकाला हरणाच्या शिंगाचा तुकडा ठोकून बसवला होता. ही कांडी कशासाठी, तर गारगोटीच्या कडा टवकून तिला पुन्हा धार आणण्यासाठी.

एक जड हत्यार, एक छोटा सुरा, बारीकसारीक कामाची पाती आणि धार लावायचे साधन. पाच हजार वर्षांत धातू बदलले, हिशेब तोच राहिला. अमेरिकेत १८८४ साली 'वुडक्राफ्ट' नावाचे पुस्तक लिहिणारे जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स हे रानभटके गृहस्थही तीनच पाती बाळगत : छोटी कुऱ्हाड, पातळ पात्याचा सुरा आणि खिशातला मिटणारा चाकू.

मात्र दिल्लीहून निघणाऱ्या आजच्या कुटुंबाला हा संच जसाच्या तसा उचलता येणार नाही. त्याचे कारण जंगलात नाही, कायद्याच्या पुस्तकात आहे.

कायदा काय म्हणतो?

दिल्लीत चाकूबाबत एक जुनी अधिसूचना आहे, ऑक्टोबर १९८० ची. बटण दाबून, स्प्रिंगने, गरारीने किंवा अशाच एखाद्या यांत्रिक युक्तीने उघडणारा-मिटणारा चाकू, ज्याचे पाते ७.६२ सेंटिमीटर म्हणजे ३ इंच किंवा अधिक लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा अधिक रुंद आहे, तो सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यास तिच्यानुसार मनाई आहे. हिंदी चित्रपटातला खलनायक 'कर्र कर्र' आवाज करीत उघडतो, तो रामपुरी याच जातीचा. या कलमाखाली दिल्लीच्या न्यायालयांत खटले चालतात, आणि पोलिसांनी झडतीत चाकू पकडल्यावर 'मी तर ट्रेकला चाललो होतो' हे त्यांना पटवून देणे सोपे नसते.

शिवाय १९५९ चा शस्त्र कायदा आहेच. त्याच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्रांच्या यादीत येतात. त्यात खुकरीचे नाव स्वतंत्रपणे घातलेले आहे. घरकामासाठी, शेतीसाठी, उद्योगासाठी बनवलेली पाती यातून वगळली आहेत. म्हणून स्वयंपाकघरातला सुरा आणि शेतातला कोयता गुन्हा ठरत नाही. मसुरीला गेलेले प्रवासी हौसेने खुकरी विकत घेतात आणि गाडीत मागच्या काचेजवळ ठेवून दिल्लीत येतात. त्यांनी हे कलम ध्यानात घ्यावे.

आणि तिसरी गोष्ट, जी अनुभवी ट्रेकरनाही ठाऊक नसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात मुख्य वन्यजीव संरक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय 'हत्यार' घेऊन शिरता येत नाही. राष्ट्रीय उद्यानालाही हाच नियम लागू आहे. आता हत्यार म्हणजे बंदूक, असे कोणीही समजेल. पण कायद्याने केलेल्या व्याख्येत बंदुका, सापळे, जाळी आणि विष यांच्या रांगेत 'चाकू' हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे.

दिल्लीकरांच्या आवडत्या वाटा आता नकाशावर पाहा. दक्षिण दिल्लीतच असोला भट्टी अभयारण्य आहे, जिथे बिबट्यांचा वावर नोंदला गेला आहे. हर की दून आणि केदारकंठा गोविंद अभयारण्याच्या परिसरात. चोपता-तुंगनाथ केदारनाथ अभयारण्याच्या भागात. कुलूकडची तीर्थन आणि सैंज खोऱ्यांतली वाट पुढे ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात शिरते. म्हणजे जिथे चाकू लागेल असे वाटते, नेमके तिथेच तो विचारून न्यावा लागतो. कांदा चिरायच्या सुरीवरून चौकीवर कोणी तंटा करील असे नाही. पण फूटभर पात्याचे समर्थन कोणत्या तोंडाने करणार?

यावर उपाय साधा आहे. ट्रेक नेणारी संस्था परवाना काढते, तेव्हाच सामानातल्या सुऱ्यांविषयी वन खात्याच्या चौकीवर विचारून घ्यावे. स्वयंपाकाच्या गटाकडे असलेली सुरी वेगळी आणि प्रत्येकाच्या कमरेला लटकणारा सुरा वेगळा. आणि कमरेला काहीच लटकवू नये.

तर मग रानात चाकूचे काम काय?

पाठ्यपुस्तकी उत्तर असे : लाकूड फोडून शेकोटी करणे, फांद्या तोडून निवारा बांधणे, शिकार सोलणे. यातले बहुतेक काम आपल्याकडे करता येत नाही. अभयारण्यात झाड तोडणे हा गुन्हा आहे. अरवलीत गुरुग्राम आणि फरिदाबादच्या मध्ये मंगर बनी नावाचे रान आहे. ते सरकारी अभयारण्य नसले, तरी गावकऱ्यांच्या श्रद्धेने राखलेले आहे, आपल्याकडच्या देवराईसारखे. तिथे फांदी मोडणेही निषिद्ध. आणि हिमालयात साडेतीन हजार मीटरच्या वर गेले, की झाडेच संपतात. तोडणार काय?

उरलेली कामे मात्र खरी असतात. दोरी कापणे. तंबूच्या खुंटीला टोक काढणे. ओल्या काटकीची साल काढून आतला कोरडा गाभा उघडा करणे. जखमेजवळचा कपडा फाडणे, चिकटपट्टी कापणे, पायातला काटा काढणे. खिचडीसाठी बटाटे चिरणे तर रोजचेच. यातल्या एकाही कामाला चार इंचांपेक्षा लांब पाते लागत नाही.

संकटातही असेच होते. अमेरिकेच्या युटा राज्यात २६ एप्रिल २००३ रोजी आरन राल्स्टन हा २७ वर्षांचा गिर्यारोहक एका अरुंद घळीत एकटाच उतरत होता. एक प्रचंड दगड सरकला आणि त्याचा उजवा हात दगड आणि कडा यांच्यामध्ये चेंगरला. पाच दिवस तो तिथे अडकून होता. त्याच्याजवळ पक्कड आणि दोन लहान पाती असलेले स्वस्तातले एक हत्यार होते. विजेरीबरोबर फुकट मिळावे अशा दर्जाचे. पहिले दोन दिवस तो त्याच पात्याने दगड कोरत बसला. दगड हलला नाही, पात्याची धार मात्र गेली. शेवटी हाताची हाडे मोडून, त्यातल्या दुसऱ्या, दोन इंची पात्याने त्याने स्वतःचा हात कापला आणि तो वाचला. या घटनेवर पुढे पुस्तक निघाले, २०१० साली चित्रपटही आला.

राल्स्टनला मोठा चाकू असता तर लाभ झाला असता, असे दिसत नाही. चांगल्या धारेचा लहान चाकू असता, तर यातना थोड्या कमी झाल्या असत्या. पण त्याची खरी चूक चाकूची नव्हतीच. कुठे चाललो आहे, हे तो कोणालाही सांगून निघाला नव्हता.

पहिले पाते : न मिटणारी सुरी

संचातली मुख्य सुरी न मिटणारी असावी, कारण जिथे सांधा नाही तिथे ती मोडत नाही आणि बोटांवर मिटतही नाही. पात्याची लांबी आपल्या तळहाताच्या रुंदीएवढी, म्हणजे साधारण साडेतीन ते चार इंच. जाडी अडीच-तीन मिलिमीटर पुरे. पाठ सपाट, दात नकोत. मूठ भडक रंगाची घ्या. काळी किंवा हिरवी सुरी पाचोळ्यात पडली की सापडत नाही.

दुकानात दोन गोष्टी तपासा. सुरी मुठीत घट्ट धरून पाहा : मूठ सगळ्या बोटांना पुरते का, ओल्या हातातून निसटेल का? मग सुरी म्यानात घालून म्यान उलटे धरा आणि हलवा. सुरी बाहेर आली, तर दुकानदाराला नमस्कार करून परत या. पाठपिशवीत सुटलेली सुरी ही रानातल्या कुठल्याही श्वापदाहून जवळची.

पोलाद कोणते घ्यावे, यावर शौकीन मंडळी तासन्‌तास वाद घालतात. गृहिणींना हा प्रश्न परका नाही. आजीच्या विळीवर कैरी चिरली की पाते काळे पडायचे, पण धार अशी की केळफूल लोण्यासारखे चिरले जाई. ते कार्बनचे साधे पोलाद. त्याला धार चटकन लागते आणि गंजही तितकाच चटकन चढतो. न गंजणाऱ्या पोलादात क्रोमियम असते. साधारण साडेदहा टक्के किंवा अधिक. त्याला धार लावायला थोडा अधिक वेळ लागतो, पण ते दुर्लक्ष सोसते. वर्षातले अकरा महिने सुरी माळ्यावर पडून राहणार असेल, तर न गंजणारीच घ्यावी. कार्बनची घेतलीत, तर वापरून झाल्यावर कोरडी पुसा आणि शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवा. कातडी म्यानात कायम घालून ठेवू नका, त्यात दमटपणा धरतो.

दुसरे पाते : खिशातला चाकू

खिशातला मिटणारा चाकू दिसायला किरकोळ, पण दहापैकी नऊ वेळा हात त्याच्याकडेच जातो. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सेनर यांनी १८९१ साली आपल्या देशाच्या सैनिकांना असे चाकू पुरवायला सुरुवात केली. पाते, डबा उघडणी, पेचकस आणि टोचा असा तो संच होता. १८९७ साली त्यांनी अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू काढला, तोच पुढे लाल मुठीचा जगप्रसिद्ध स्विस चाकू झाला. फ्रान्समधला लाकडी मुठीचा ओपिनेल १८९० पासूनचा, शेतकऱ्यांच्या खिशासाठी जन्मलेला.

यात वीस साधने असलेला जाडजूड नमुना घेऊ नका. पाते, डबा उघडणी, चिमटा आणि टोचा एवढे पुरे. पाते अडीच इंचांच्या आत आणि नखाने उघडावे लागणारे असावे. बटणाने झटकन उघडणाऱ्या चाकूच्या मोहात पडू नका, त्यापायी होणारा त्रास वर आलाच आहे. मुलाच्या हाती पहिला चाकू द्यायचा, तर तो हाच, आणि तोही घरी वडीलधाऱ्यांसमोर पेन्सिलींना टोके काढून हात बसल्यावर.

तिसरे पाते : मेरठची कात्री

इथे शौकीन मंडळी नाक मुरडतील. त्यांच्या यादीत तिसऱ्या जागी कुऱ्हाड किंवा कोयता असतो. सह्याद्रीत स्वतःच्या शेतावर, कोकणात आपल्या आगरात कोयता शोभतो. हिमालयातल्या बायाबापड्यांच्या कमरेला दराती शोभते. पाठपिशवीवाल्या दिल्लीकराला त्याचे काम नाही.

त्याऐवजी एक मजबूत कात्री घ्या. अपघात झाला तर विजार किंवा मोजा कापून जखम उघडी करायची असते. थंडीने बधिरलेल्या हातांनी तिथे सुरी चालवणे म्हणजे एका जखमेच्या दोन करणे. कात्री थरथरत्या हातातही आपले काम करते.

आणि कात्रीसाठी लांब जायला नको. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच असलेल्या मेरठमध्ये कात्र्यांचा जुना धंदा आहे. मोटारी आणि ट्रक यांच्या भंगारातले पोलाद तापवून, ठोकून तिथले कारागीर पाती घडवतात. झिजली तरी पुन्हा पुन्हा धार लावता येते. आजोबांनी घ्यावी आणि नातवाने वापरावी, अशी तिची ख्याती. २०१३ साली या कात्रीला भौगोलिक मानांकनही मिळाले. प्रथमोपचाराच्या डब्यासाठी घेताना टोके बोथट असलेली निवडा किंवा टोकांना रबराची नळी चढवा.

भंगाराच्या पोलादाची ही विद्या दिल्लीच्या रस्त्यांवरही दिसते. फुटपाथच्या कडेला भाता लावून बसलेले गाडिया लोहार तवे, चिमटे, कुऱ्हाडी, खुरपी घडवताना दिसतात. चितोड पडल्यावर 'गड परत मिळेपर्यंत घर बांधणार नाही' अशी शपथ घेऊन आपले पूर्वज बाहेर पडले, असे ते सांगतात. एप्रिल १९५५ मध्ये पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्यांनी पुन्हा चितोडगडावर पाऊल ठेवले. शपथ फिटली, तरी अनेकांच्या डोक्यावर पक्के छप्पर काही आले नाही. बाग आणि अंगणासाठी खुरपे किंवा कोयती हवी असेल, तर यांच्याकडून जरूर घ्यावी. यंत्रावरच्या चकचकीत मालापेक्षा ती अधिक टिकते.

आणि एक दगड

ओत्झीच्या शिंगाच्या कांडीचा वारस म्हणजे निसणा. बोथट सुरी सुरक्षित, हा मोठा गैरसमज आहे. बोथट पाते कापत नाही म्हणून माणूस जोर लावतो, पाते घसरते आणि जाते ते दुसऱ्या हातात. बोटभर लांबीचा, एका बाजूने खरखरीत आणि दुसऱ्या बाजूने मऊ असा दगड मिळतो. तो पाण्याने भिजवावा. पाते दगडावर आडवे ठेवून पाठ पेन्सिलीच्या जाडीएवढी उचलावी आणि दगडाचा पातळ काप काढायचा असल्यासारखी सुरी पुढे न्यावी. एकदा ही बाजू, एकदा ती. आधी खरखरीत बाजूवर, मग मऊ बाजूवर. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर उलट्या दिशेने, म्हणजे पाठ पुढे ठेवून, आठ-दहा हात मारावेत. धारेची परीक्षा अंगठ्यावर न करता वर्तमानपत्राच्या कडेवर करावी. दगड विसरला, तर चहाच्या चिनी मातीच्या कपाला बुडाशी जी खरखरीत कड असते, तीही वेळ निभावते.

कापताना पाते अंगापासून दूर चालवा. मांडीवर किंवा दोन गुडघ्यांच्या मध्ये धरून कधीही कापू नका. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रोहिणी जाते आणि रानात रुग्णवाहिका येत नाही. शेजारी बसणाऱ्यात आणि आपल्यात हातभर अंतर असावे. ताणलेल्या दोरीजवळ उघडे पाते नेऊ नका. भार असलेली दोरी नुसत्या स्पर्शानेही तुटते. जखम झालीच, तर स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे घट्ट दाबून धरा. मिनिटामिनिटाला उचलून पाहू नका.

निघण्याच्या रात्री

तिन्ही पाती म्यानात किंवा पुठ्ठ्यात गुंडाळून पिशवीच्या अगदी तळाशी जातात. खिशात काही नाही, बाहेरच्या कप्प्यात काही नाही. विमानाने जायचे असेल, तर ती हातातल्या बॅगेत चालत नाहीत, चेक-इनच्या सामानात द्यावी लागतात. मेट्रोच्या तपासणीत अडवणूक होऊ शकते, तेव्हा बसस्थानकापर्यंत टॅक्सी केलेली बरी. निवडणूक किंवा सण असेल, तर पोलिसांचे वेगळे मनाई आदेश निघालेले असतात, ते पाहून घ्यावेत. दिल्लीची अधिसूचना दिल्लीपुरती आहे. हरियाणा, उत्तर प्रदेश आणि उत्तराखंड यांचे आदेश निराळे असू शकतात.

सुरीच्या वर, सहज हाताला लागेल अशी शिट्टी, विजेरी, लायटर, प्लास्टिकचे मोठे कापड आणि पाण्याची बाटली असू द्या. २४ डिसेंबर १९७१ रोजी पेरूच्या जंगलावर कोसळलेल्या विमानातून १७ वर्षांची युलियाने कोएप्के एकटी वाचली, तेव्हा तिच्याजवळ चाकू नव्हता, होत्या गोळ्यांची एक पिशवी आणि पायात एक चप्पल. आईवडील प्राणिशास्त्रज्ञ होते. ओढा सापडला की त्याच्या काठाने खाली जावे, माणसे भेटतात, हे त्यांनी तिला शिकवले होते. अकरा दिवसांनी ती माणसांत आली.

आणि एक कागद घरी, फ्रिजच्या दारावर. त्यावर वाटेचे नाव, मुक्कामाची गावे, बरोबरच्या मुलांच्या घरचे दूरध्वनी क्रमांक, जवळच्या पोलिस चौकीचा क्रमांक आणि परतीची तारीख. त्या तारखेला रात्री नऊपर्यंत फोन आला नाही, तर कोणाला आणि कोणत्या क्रमाने कळवायचे, हेही खाली लिहून ठेवावे. आईच्या हाताला कागद लागेल, इतका खाली चिकटवावा.